मिसळ खाल्ली की धावा होतात का? चोवीस डावांचा हिशोब

प्रश्न असा: क्लबचा सलामीचा फलंदाज सामन्याच्या सकाळी कधी मिसळपाव खातो, कधी कांदेपोहे. हंगामातल्या 24 डावांची नोंद ठेवली. मिसळीच्या 12 डावांची सरासरी 41 आली, पोह्यांच्या 12 डावांची 27. म्हणजे मिसळ 14 धावांनी पुढे. हे खरं मानायचं का, आणि नसेल तर तपासायचं कसं?

खरं मानायला हे आकडे पुरत नाहीत. मिसळ वाईट आहे किंवा फलंदाज खोटं बोलतोय, असं मुळीच नाही. क्रिकेटमधल्या धावा हे माप इतकं उड्या मारणारं आहे की 24 डावांत त्यातून न्याहारीचा आवाज ऐकू येणं जवळजवळ अशक्य.

सरासरीवर बोलण्याआधी सुटे डाव समोर हवेत. हिशोब हाताने पडताळता यावा म्हणून वरच्या सरासऱ्यांत नेमके बसणारे डाव इथे बेतून घेतले आहेत, आणि फलंदाज प्रत्येक वेळी बाद झाला असं धरलं आहे.

मिसळ: 0, 4, 7, 12, 18, 23, 31, 38, 52, 69, 94, 144. बेरीज 492, सरासरी 41.

पोहे: 0, 1, 3, 8, 11, 17, 22, 30, 37, 48, 61, 86. बेरीज 324, सरासरी 27.

आता मिसळीच्या ओळीतला 144 बोटाने झाका. उरलेल्या 11 डावांची सरासरी 31.6 होते. 14 धावांची आघाडी साडेचारवर आली. त्या दिवशी स्लिपमध्ये 9 धावांवर झेल सुटला असेल, तर मिसळीचं बरंचसं श्रेय त्या स्लिपवाल्याचं आहे.

दुसरी गोष्ट, प्रमाण विचलन काढा, म्हणजे डाव सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचं माप (स्प्रेडशीटमध्ये एसटीडीईव्ही). मिसळीचं येतं 43, पोह्यांचं 26.8. दोन्हीकडे विचलन जवळजवळ सरासरीइतकंच. हा या बेतलेल्या यादीचा योगायोग नाही, फलंदाजीचा स्वभावच असा आहे. दर चेंडूला बाद होण्याची थोडी थोडी शक्यता असते, त्यामुळे छोटे डाव पुष्कळ आणि मोठे मोजके, अशी लांब शेपटीची मांडणी तयार होते. अशा मांडणीत विचलन सरासरीला चिकटून असतं. सरासरी 35 चा फलंदाज म्हणजे ‘साधारण 35 करणारा’ नव्हे. तो साधारण निम्म्या वेळा 25 च्या आत बाद होणारा आणि मधूनच शतक ठोकणारा माणूस असतो.

दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी काढायची तर 43 चा वर्ग भागिले 12, अधिक 26.8 चा वर्ग भागिले 12, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर 14.6. म्हणजे दिसलेला फरक 14 आणि नुसत्या नशिबाने होणारी ये-जा 14.6. इथे कुणी ‘सिद्ध झालं’ म्हणू लागलं तर त्याला पाणी द्यावं.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर चिठ्ठ्या करा. 24 चिठ्ठ्यांवर 24 धावसंख्या लिहा, डब्यात घालून हलवा, डोळे मिटून 12 काढा, त्यांना ‘मिसळ’ म्हणा, उरलेल्यांना ‘पोहे’. दोन सरासऱ्यांतला फरक लिहून ठेवा. हे 50 वेळा करा. इथे मिसळीचा काहीच संबंध नाही हे आपल्याला ठाऊक आहे, तरी साधारण तीनांतल्या एका खेपेला 14 किंवा त्याहून मोठा फरक, इकडचा किंवा तिकडचा, निघालेला दिसेल. 24 मधून 12 निवडायचे 27,04,156 मार्ग आहेत, तेव्हा सगळे करत बसायची गरज नाही. स्प्रेडशीटमध्ये अ स्तंभात धावा, ब स्तंभात रँड (नशिबाने येणारा आकडा देणारं सूत्र), क स्तंभात ‘ब चा क्रमांक 12 किंवा कमी असेल तर मि, नाहीतर पो’, आणि वर एका घरात ॲव्हरेजइफने (‘मि’ची वेगळी, ‘पो’ची वेगळी सरासरी काढणारं सूत्र) दोन सरासऱ्यांचा फरक. एफ 9 दाबलं की नवा फरक. दाबत राहा.

नाबाद डाव असतील तर इथे एक चूक हमखास होते. 61 नाबाद हा 61 चा पूर्ण डाव नाही, अर्धवट राहिलेला मोठा डाव आहे. चिठ्ठीवर तारा काढा आणि प्रत्येक ढिगात ‘एकूण धावा भागिले बाद झालेल्या वेळा’ असा हिशोब करा. नाबाद डाव वगळून टाकणं सगळ्यांत वाईट, कारण ते नेमके चांगले दिवस असतात.

मग किती डाव हवेत? कामचलाऊ सूत्र असं: प्रत्येक गटाला लागणारे डाव = 16 × (विचलन ÷ पकडायचा फरक) याचा वर्ग. 16 हा आकडा कुठून आला? खोट्या इशाऱ्याची, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची, शक्यता 5 टक्क्यांवर रोखायची आणि खरा फरक असेल तर तो 80 टक्के वेळा सापडावा, या दोन अटींतून. फलंदाजीत विचलन सरासरीइतकंच असल्याने गणित सोपं होतं. न्याहारीमुळे सरासरी 10 टक्क्यांनी वाढते का, हे पाहायचं तर 16 × 10 चा वर्ग, म्हणजे प्रत्येकी 1,600 आणि एकूण 3,200 डाव.

3,200 म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून एक एकक घेऊ. सचिन तेंडुलकर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कसोटीत 329, एकदिवसीयमध्ये 452 आणि टी-20 मध्ये 1, असे एकूण 782 डाव खेळला. या 782 डावांना ‘एक सचिन’ म्हणू. तर 10 टक्क्यांचा फरक पकडायला चार सचिन लागतात, वर थोडे सुटे डाव. 20 टक्क्यांचा पकडायला एकूण 800 डाव, म्हणजे जेमतेम एक सचिन. 1989 ते 2013 अशी 24 वर्षं एखाद्या शहाण्या माणसाने त्याच्या प्रत्येक डावाआधी नाणं उडवून वडापाव की इडली हे ठरवलं असतं, तरी शेवटी फक्त एवढं सांगता आलं असतं की फरक 20 टक्के किंवा त्याहून मोठा आहे की नाही. वर्षाला 24 डाव खेळणाऱ्या क्लबच्या फलंदाजाला त्या 800 डावांसाठी 33 वर्षं लागतील. 10 टक्क्यांसाठी 133.

उलट बाजूनेही विचारून पाहा. 24 डावांत (प्रत्येकी 12) खात्रीने पकडता येईल असा फरक सरासरीच्या सुमारे 115 टक्के असावा लागतो. सरासरी 34 धरली तर मिसळीने 39 धावांची भर घालायला हवी. इतकी ताकद कोल्हापूरच्या कटातही नाही.

आतापर्यंत धरून चाललो की कोणत्या दिवशी काय खायचं हे नशिबाने ठरलं. प्रत्यक्षात ते फलंदाज ठरवतो, आणि खरी गडबड तिथेच होते. मुंबईतली कांगा लीग घ्या. 1948 पासूनची ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात खेळायची, ओल्या खेळपट्टीवर. पाऊस पडला की गरम मिसळीची आठवण येणारच. तशा दिवशी खेळपट्टी चिकट, आउटफील्ड जड, चौकाराचा चेंडू दोन धावांवर थांबतो. नोंदवहीत काय दिसेल? मिसळ खाल्ली की धावा आटतात. तोच फलंदाज उन्हाळ्यात, सामना उशिरा सुरू होणार म्हणून निवांत बसून मिसळ खातो, आणि कोरड्या, सपाट खेळपट्टीवर खेळतो. आता मिसळ धावा देते. पदार्थ तोच. कधी कधी बाण उलटाही असतो. समोर दुबळा संघ म्हणून मन निर्धास्त, म्हणून भूक चांगली. कठीण गोलंदाजी म्हटलं की पोटात गोळा, म्हणून नुसता चहा.

आणि सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे ओळीने अपयश आल्यावर न्याहारी बदलणं. सरासरी 30 चा फलंदाज एका डावात 10 च्या आत बाद होण्याची शक्यता सुमारे 28 टक्के. ओळीने तीनदा, म्हणजे साधारण 2 टक्के. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण 25 डावांच्या हंगामात अशी तिहेरी घसरगुंडी कुठे ना कुठे होण्याची शक्यता तीनांत एक आहे, फॉर्म जराही न बिघडता. ती झाली की माणूस घाबरून पोहे सोडतो आणि मिसळ धरतो. पुढचा डाव त्याच्या नेहमीच्या 30 च्या सरासरीतून येतो, कारण आणखी कुठून येणार? मिसळीला हार घातला जातो. त्याच वेळी मिसळ सोडून उपवास धरला असता, तर उपवासाला घातला असता. यावर इलाज एकच: अपयशानंतर केलेला बदल हा पुरावा म्हणून धरायचा नाही.

नाणेफेक न करता एकच पदार्थ रोज खाल्ला तर तुलनाच उरत नाही. अमेरिकन बेसबॉलमधला वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी कोंबडी खायचा, त्यावरून त्याचं ‘चिकन मॅन’ असं नाव पडलं. कारकिर्दीत 9,180 ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) 3,010 हिट (यशस्वी फटके), सरासरी .328, पाच वेळा लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी, 2005 मध्ये हॉल ऑफ फेम. इतक्या नेटक्या नोंदी असूनही कोंबडीबद्दल त्यातून एक अक्षरही निघत नाही, कारण कोंबडी न खाल्लेला दिवसच वहीत नाही. दुसरं टोक उसेन बोल्ट. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चिकन नगेट्सवर दिवस काढल्याचं त्याने स्वतः सांगितलं आहे आणि तिथेच 100 मीटर 9.69 सेकंदांत धावला. पण त्या क्रीडाग्रामात नगेट्स खाऊन पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्यांना ‘काय खाल्लंत’ असं विचारायला कुणी माइक घेऊन गेलं नाही.

आता तपासायचं कसं, ते. पहिलं काम म्हणजे धावा हे माप सोडणं. वही तीच, फलंदाज तोच, पण मोजायचं असं काहीतरी ज्यात नशीब कमी आहे.

बीसीसीआयने 2021 मध्ये खेळाडूंसाठी 2 किलोमीटर धावण्याची चाचणी आणली. फलंदाजांना त्यात 8 मिनिटं 30 सेकंदांची मर्यादा ठेवली. हे माप आपल्याला सोयीचं आहे: 400 मीटरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या, एक घड्याळ. सराव असलेल्या माणसाच्या अशा वेळेत दिवसागणिक चढउतार 1 ते 3 टक्के असतो. 2 टक्के धरले तर 510 सेकंदांत 10 सेकंद. धावसंख्येत हाच चढउतार 100 टक्के होता. सूत्रात चढउताराचा वर्ग येतो, म्हणून 50 पट शांत मापाला 2,500 पट कमी नोंदी लागतात. सगळी युक्ती इतकीच आहे, बाकी बारकावे.

मात्र माप बदललं की प्रश्नही थोडा बदलतो, हे कबूल करून पुढे जावं. 8-9 मिनिटांच्या धावेत शरीरातला साखरेचा साठा संपत नाही. त्यामुळे ‘पोह्यांनी जास्त इंधन मिळालं’ असा फायदा असला तरी इथे दिसणार नाही. दिसेल तो पोटाचा जडपणा, कुशीत भरणारी कळ, करपट ढेकर. तेल आणि चोथा दोन्ही पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, आणि मिसळीत तर्रीचं तेल, मटकीचा चोथा आणि वर फरसाण, असे तिघेही एकत्र आलेले असतात. इंधनाचा प्रश्न तपासायचा तर तासाभराहून लांब काम हवं.

फलंदाजीशी जवळचं माप हवं असेल तर पॅड बांधून पळून काढलेल्या तीन धावांची वेळ घ्या. एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंत 17.68 मीटर, मध्ये दोन वळणं. मोबाइलवर चित्रण करून बॅट रेषेवर टेकल्याची चौकट (फ्रेम) मोजा, हाताने घड्याळ दाबू नका. तीन प्रयत्नांतली मधली वेळ घ्या, सर्वोत्तम नको.

मांडणी अशी ठेवा. आधी दोन आठवडे एकाच न्याहारीवर चार वेळा 2 किलोमीटर धावून घ्या. पहिली वेळ फेकून द्या, वेग कसा राखायचा हे शिकण्यात ती जाते. उरलेल्या तिघांवरून चढउताराचा ढोबळ अंदाज येतो. तो 5 टक्क्यांच्या वर गेला तर प्रयोग सुरू करू नका, आधी झोप आणि वेळापत्रक सुधारा.

मग आठ आठवडे, दर आठवड्याला दोनदा 2 किलोमीटर धावणं, मंगळवारी आणि शुक्रवारी. सोमवारी रात्री नाणं उडवा: छापा आला तर मंगळवारी मिसळ, काटा आला तर पोहे, शुक्रवारी उरलेलं. नाणं फलंदाजाने नाही, दुसऱ्याने उडवायचं, आणि निकाल आवडला नाही म्हणून परत उडवायचं नाही. जोडी एकाच आठवड्यातली असल्याने आठ आठवड्यांत तंदुरुस्ती वाढली तरी दोन्ही न्याहाऱ्यांना तिचा सारखाच लाभ मिळतो. ‘आधी महिनाभर पोहे, मग महिनाभर मिसळ’ ही मांडणी यासाठीच बाद आहे, दुसरा महिना नेहमीच जिंकतो.

न्याहारी 7 वाजता, धाव 9:30 ला. अडीच तासांचं अंतर काटेकोर पाळा, कारण दीड तासावर आणलं तर पदार्थाऐवजी घाई मोजली जाईल. माप वजनकाट्यावर: पोहे कोरडे 80 ग्रॅम, तेल 1 मोठा चमचा, शेंगदाणे दर वेळी तेवढेच. यातून कर्बोदकं साधारण 60 ग्रॅम मिळतात. मिसळीला दोन पाव, कोरडी मटकी 30 ग्रॅम, फरसाण 20 ग्रॅम, तर्री मोजून 2 मोठे चमचे. तीही त्याच घरात येते. हॉटेलातली मिसळ आणू नका. रोज तर्रीचा हात बदलतो, आणि ‘सॅम्पल’ पुन्हा मागवलं की प्रयोग संपला. चहाचा कप दोन्ही दिवशी एकच आणि तोच. कॅफीन हा कामगिरीवर खरोखर परिणाम करणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी आहे. अभ्यासांत वजनाच्या दर किलोला 3 ते 6 मिलिग्रॅम, तासभर आधी, असं प्रमाण वापरतात. मिसळीबरोबर दोन चहा आणि पोह्यांबरोबर एक झाला, तर चहाची कामगिरी मिसळीच्या खात्यात जमा होईल.

फक्त तर्रीवरच संशय असेल तर पोहे हवेतच कशाला? दोन्ही दिवशी तीच मिसळ खा, एकदा 1 छोटा चमचा तर्री, एकदा 4 मोठे चमचे. ताटात एकच गोष्ट बदलली की उत्तर स्वच्छ येतं.

धावताना घड्याळ फलंदाजाला दिसू देऊ नका आणि आधीच्या वेळा सांगू नका. प्रत्येक नोंदीत तारीख, तापमान, झोपेचे तास, वेळ, आणि ‘पोट’ या रकान्यात 0 ते 10. तो शेवटचा रकाना बऱ्याचदा घड्याळाआधी बोलतो.

हिशोब: दर आठवड्याला पोह्यांची वेळ वजा मिसळीची वेळ. आठ फरक मिळतील. एका धावेचा चढउतार 10 सेकंद, तर फरकाचा 14, आणि आठ फरकांच्या सरासरीची त्रुटी 5 सेकंद. इतक्या कमी जोड्यांत खात्रीसाठी त्याच्या 2.36 पट लागतं, म्हणजे 12 सेकंदांच्या आतल्या फरकावर बोलू नये. 16 आठवडे केलंत तर ही मर्यादा साडेसात सेकंदांवर येते. गणित नको असेल तर नुसती चिन्हं मोजा. न्याहारीने काहीच होत नसेल तर आठही आठवडे मिसळ जिंकण्याची शक्यता 256 मध्ये 1. आठपैकी सात किंवा अधिक जिंकण्याची 256 मध्ये 9. सहा किंवा अधिक म्हणाल तर 256 मध्ये 37, म्हणजे सातांत एक, त्यावर पैज लावू नका.

दर शुक्रवारी हिशोब उघडून ‘आज सिद्ध झालं, थांबू या’ म्हणणाऱ्याला आवरा. पाच वेळा डोकावलं तर 5 टक्क्यांचा खोटा इशारा 14 टक्क्यांवर जातो. तसंच उत्साहाच्या भरात मिसळ, पोहे, उपमा, साबुदाणा, थालीपीठ असे वीस पदार्थ तपासले, तर एकही उपयोगी नसताना किमान एक ‘लाभदायक’ ठरण्याची शक्यता 64 टक्के. आठ आठवडे आणि दोन पदार्थ, हे आधी कागदावर लिहून सही करा.

एक गोष्ट या मांडणीत सुटत नाही. मिसळ खाल्ली हे खाणाऱ्याला कळतं. मिसळ शुभ आहे यावर ज्याचा विश्वास आहे, तो त्या दिवशी दोन सेकंद जास्त जोर लावेल. शिवाय घास पोटात न जाता नुसता तोंडात आला तरी फरक पडू शकतो. कार्टर, ज्यूकेन्ड्रूप आणि जोन्स यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ सायकलपटूंनी तासाभराच्या चाचणीत माल्टोडेक्स्ट्रिन या पिष्टमय पुडीच्या पाण्याने फक्त चूळ भरली आणि थुंकून टाकली. पोटात काही गेलं नाही, तरी साध्या पाण्याच्या तुलनेत वेळ 2.9 टक्क्यांनी सुधारला. नऊच माणसं पुरली याचं कारण वर आलंच आहे: शांत माप, आणि प्रत्येकाची तुलना स्वतःशीच.

तेव्हा विश्वास बाजूला काढायचा असेल तर मिसळ सोडून लिंबू सरबतावर या, ते झाकता येतं. दोन सारख्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धा लिटर पाणी, एक लिंबू, चिमूटभर मीठ. एकीत 30 ग्रॅम साखर, दुसरीत तेवढीच गोडी येईल इतकं बिनसाखरेचं स्वीटनर. चव जुळेपर्यंत खेळाडू नसलेल्या दोघांनी आधी चाखून पाहा, आणि दोन्ही बाटल्या गार करा, थंडाव्यात स्वीटनरची कडवट झाक लपते. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून क आणि ख लिहा. कोणती कशाची हे लिहिलेलं पाकीट स्कोअररकडे. दर धावेनंतर फलंदाजाला विचारा, साखर होती की नव्हती. सोळापैकी बारा-तेरा वेळा त्याने बरोबर ओळखलं, तर झाकण उघडं पडलं समजा आणि चव पुन्हा जुळवा. पाकीट फोडायचं ते शेवटची वेळ वहीत चढल्यावर, कॅप्टनसमोर.